डाग पाडायचे काम

एलिमेंटरीच्या परीक्षेला संकल्पचित्राचा पेपर असतो. चौकोनात किंवा वर्तुळात नक्षी काढायची आणि ती सपाट रंगाने भरायची. या पेपरच्या तयारीसाठी आमच्या चित्रकलेच्या सरांनी जो छळ मांडला होता, तो महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी कुठल्या ना कुठल्या शाळेत सोसलेला असतो. पोस्टर कलर ताकासारखा पातळ नको आणि श्रीखंडासारखा घट्टही नको. ब्रश एकाच दिशेने फिरला पाहिजे. कड वाळायच्या आत पुढचा हात तिला येऊन मिळाला पाहिजे. रंग वाळला की सर कागद खिडकीशी तिरका धरून बघत. कुठे एवढासा पट्टा दिसला की म्हणत, "पॅच पडला गं. परत कर."

संगणकावर चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये एक छोटी बादली असते. रंग निवडायचा, आकृतीच्या आत टिचकी मारायची, बस. पॅच नाही, पट्टा नाही, कड वाळायची भीती नाही. सरांना जन्मभर हवा होता तसा सपाट रंगाचा वॉश निमिषात मिळतो, आणि गंमत अशी की तो कुणालाच नको असतो. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. संपादकांचा फोन येतो तो असा: "मॅडम, जरा हाताने काढल्यासारखं वाटू द्या ना. फार कम्प्युटर-कम्प्युटर वाटतंय."

"मग हातानेच काढून देते की."

"नको नको, मग बदल सांगता येत नाहीत. आणि फाइल उद्या संध्याकाळपर्यंत हवीये."

तेव्हा शाळेत जे टाळायला शिकले ते पाडून देणं, हा माझा धंदा आहे. ओघळ, फुटलेली कड, कोरड्या ब्रशचे ओरखडे, रंगाचे तळाला बसलेले कण. या सगळ्याला आता 'इफेक्ट' म्हणतात आणि त्याचे संच विकत मिळतात. जलरंगाचे ब्रश, शाईचे ब्रश, खडूचे ब्रश. एकेका संचात शेकड्याने. काइल वेबस्टर या अमेरिकन चित्रकाराने बनवलेले असे ब्रश इतके लोकप्रिय झाले की २०१७ मध्ये अ‍ॅडोबीने त्याचं सगळं भांडार घेऊन फोटोशॉप वापरणाऱ्यांना खुलं करून दिलं. माणूस गुणी आहे, त्याचे काही ब्रश मीही वापरते. पण हे संच जमवत बसणाऱ्यांची एक वेगळी जमात तयार झाली आहे. त्यांच्याकडे ब्रश हजार असतात आणि चित्र एकही पुरं झालेलं नसतं.

मला हे काम आवडायला लागलं ते स्वतः ब्रश बनवायला घेतल्यावर. एका गोष्टीच्या चित्रात नदीकाठचं वाळकं गवत हवं होतं आणि त्यासाठी कोरड्या ब्रशचा फटकारा. तैलरंगाचा एक जुना चपटा ब्रश होता, डुकराच्या केसांचा, केस पार फिसकारलेले. तो काळ्या शाईत बुडवला, बहुतेक शाई फडक्याला पुसली आणि पुण्याच्या हातकागद संस्थेच्या खरबरीत कागदावर एक फटकारा ओढला. कागद सहाशे डीपीआयवर स्कॅन केला, रंग काढून टाकून नुसतं काळं-पांढरं ठेवलं. फोटोशॉपचा नियम असा की ब्रशच्या ठशात जिथे पांढरं तिथे आरपार, जिथे काळं तिथे रंग, आणि मधल्या करड्या छटा म्हणजे कमी-जास्त पातळ रंग. ठसा तयार झाला. मोठ्या उत्साहाने पहिली रेघ ओढली, तर गवत कुठलं? तोच फटकारा एकापुढे एक छापल्यासारखी रांग उमटली.

कारण संगणकातला ब्रश वाहत नाही, तो ठसे मारत जातो. साध्या गोल ब्रशला दर ठशामध्ये व्यासाच्या २५ टक्के अंतर ठेवलेलं असतं, आणि गोल आकार एकावर एक चढत गेल्यामुळे डोळ्याला रेघ अखंड दिसते. केसाळ ठशाचं तसं होत नाही. अंतर वाढवलं की रांग दिसते. कमी केलं की ठसे एकमेकांत इतके मिसळतात की केस न् केस पुसला जाऊन नुसता करडा पट्टा उरतो. शिवाय आपल्या डोळ्याला पुनरावृत्ती पकडायची खोड असते. त्या फटकाऱ्यात डाव्या बाजूला एक वाकडा केस होता. तो गवतभर जागोजागी दिसायला लागला, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

इलाज सापडतो तो ब्रशचं टोक समोरून बघितल्यावर. फटकारा स्कॅन करायचाच नाही. ब्रश उभा धरून कागदावर नुसता टेकवायचा, म्हणजे केसांच्या टोकांचे ठिपके उमटतात. हे ठिपके म्हणजे ब्रश. ते जवळजवळ मारत नेले की प्रत्येक ठिपक्याची आपली एक बारीक रेघ होते आणि सगळ्या रेघा मिळून फटकारा होतो. ठशाचा कोन हाताच्या दिशेला बांधून टाकायचा, म्हणजे वळणावर केसही वळतात. कागदाचा खरबरीतपणा वेगळा स्कॅन करायचा आणि ब्रशला 'टेक्स्चर' म्हणून जोडायचा, म्हणजे रंग कागदाच्या उंचवट्यांवर लागतो आणि खळगे पांढरे राहतात. मग पेनाच्या दाबावर काय सोपवायचं ते ठरवायचं: जाडी, की रंगाचा दाटपणा, की दोन्ही थोडं थोडं.

हे करताना एक हिशेब करावा लागतो, जो हातात खरा ब्रश असताना कधी करावा लागत नाही. या एका फटकाऱ्यात ब्रशचं काय, कागदाचं काय, पाण्याचं काय, रंगाचं काय आणि हाताचं काय? कागदावर हे सगळे एकाच वेळी कामाला लागलेले असतात आणि कुणाचा वाटा किती हे कुणी विचारत नाही. नक्कल करणाऱ्याला मात्र प्रत्येकाचा वाटा वेगळा काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या मते रंगाच्या डागाकडे इतक्या बारकाईने बघितलं ते चित्रकारांपेक्षा या नक्कल करणाऱ्यांनीच.

१९८६ मध्ये स्टीव्ह स्ट्रासमन याने जपानी शाईचित्रांच्या ब्रशवर एक निबंध लिहिला, त्याचं नावच 'केसाळ ब्रश' अशा अर्थाचं आहे. त्यात ब्रश म्हणजे केसांची एक ओळ, आणि प्रत्येक केसाजवळ त्याची स्वतःची शाई. एका केसाची शाई संपली की तेवढी रेघ तुटते, शेजारच्याची चालू राहते. मुद्दा साधा आहे, पण तो मांडायला ब्रशकडे एक वस्तू म्हणून न बघता केसांचा जमाव म्हणून बघावं लागतं. पुढे १९९१ मध्ये 'पेंटर' नावाचा प्रोग्राम आला तो चक्क रंगाच्या पत्र्याच्या डब्यात भरून विकला गेला. कॅनव्हास, खडू, कोळसा, तैलरंग, सगळं आत असल्याचा दावा होता आणि बऱ्याच अंशी तो खराही होता.

शाई संपत जाण्याची ही गोष्ट आपल्याकडच्या वारली चित्रांच्या नकलेत हटकून विसरली जाते. तांदळाच्या पिठाचं पातळ पांढरं आणि टोकाशी चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढंच तिथलं साहित्य. काडी बुडवली की रेघ जाड आणि भरघोस निघते, पुढे बारीक आणि विरळ होत जाते, मग पुन्हा बुडवायची. भिंतीवरच्या तारपा नाचाच्या फेऱ्यात ही भरती-ओहोटी नीट बघितली तर मोजता येते. हॉटेलांच्या भिंतींवर आणि दिवाळीच्या भेटकार्डांवर जी वारली माणसं नाचतात, त्यांचे हातपाय मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीचे असतात. त्यांच्यात माणसं तीच आहेत, त्रिकोण तेच आहेत, फक्त काडी नाही. फोटोशॉपच्या मिक्सर ब्रशला 'लोड' नावाची सोय आहे. ती कमी ठेवली की रंग चालता चालता संपतो. एवढी एक सरकपट्टी हलवायचा आळस.

पाण्याचं प्रकरण सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रंजकही. जलरंगाचा एक ओला ठिपका कागदावर सोडा आणि वाळेपर्यंत त्याच्यासमोर बसा. मधला भाग फिका होत जातो आणि कडेला गडद रेघ तयार होते. टेबलावर सांडलेला चहा वाळला की त्याची कड गडद दिसते, ती याच कारणाने. थेंबाची कड कागदाला धरून बसलेली असते आणि तिथलं पाणी लवकर उडतं. उडालेल्या पाण्याची जागा घ्यायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण बरोबर नेतं. शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी वाळणाऱ्या थेंबाचं हे कोडं 'नेचर'मध्ये उलगडलं ते १९९७ साली. आणि त्याच १९९७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी संगणकाकडून जलरंग करवून घेण्याची रीत मांडली. दोन्ही शोध एकाच वर्षातले, हा योगायोग मला फार आवडतो.

कर्टिस आणि मंडळींनी ओल्या कागदाचे तीन थर कल्पिले. वर वाहणारं पाणी, त्याखाली कागदावर बसणारा रंग आणि त्याखाली कागदाच्या तंतूंमध्ये शोषलं जाणारं पाणी. या तिघांची देवघेव गणिताने चालवली की कड गडद होते, अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे जड कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये नव्या पाण्याचा थेंब पडला तर तो रंगाला बाहेर ढकलत फुलकोबीसारखा फुटतो. त्या निबंधात या सगळ्याची रीतसर नावं आणि नमुने आहेत. आमचे सर ज्याला एका शब्दात 'पॅच' म्हणून मोकळे होत, त्याच्या इतक्या जाती निघाल्या.

आज साध्या लॅपटॉपवर 'रिबेल'सारखा प्रोग्राम हे डोळ्यांदेखत करून दाखवतो. कॅनव्हास तिरपा केला की ओघळ खाली येतो. फुंकर मारल्यासारखी सोयही आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओघळ कुठे जातो हेच बघत बसले होते, चित्र राहिलं बाजूला. याउलट फोटोशॉपमध्ये 'वेट एजेस' नावाचा एक चौकोन आहे, त्यावर खूण केली की रेघेची कड गडद होते. तिथे पाणी नाही, वाळणं नाही, नुसती कड. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं, कारण पुस्तकातलं चित्र सहा इंचांचं असतं आणि वाचणाऱ्या मुलाला हत्ती हवा असतो, केशाकर्षण नव्हे.

रंगाचा वाटा काढणं याहून उशिरा जमलं. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो. संगणकाला ते ठाऊक नव्हतं. पडद्यावरचा शुद्ध निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५. शुद्ध पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. दोहोंची सरासरी काढा, तिन्ही आकडे साधारण १२८ येतात, म्हणजे राखाडी. कित्येक वर्षं संगणकावर रंग कालवणाऱ्यांच्या वाट्याला हा राखाडी चिखल आला आणि सगळ्यांनी तो मुकाट सोसला. रंगाच्या थरातून उजेड कसा शोषला जातो आणि कसा परततो याचं गणित कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ सालीच मांडून ठेवलं होतं. ते चित्रकाराच्या हाताखाली चटकन चालेल असं करून दिलं ते प्रागच्या शार्का सोखोरोवा आणि ओंद्रेय यामरिश्का यांनी, २०२१ मध्ये. त्यांची 'मिक्सबॉक्स' ही पद्धत रिबेलने घेतली आणि निळ्या-पिवळ्यातून एकदाचा हिरवा निघाला.

उजेडाबद्दल मात्र माझं आणि या सगळ्या प्रोग्रामचं जमत नाही. सावंतवाडीला जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' अनेकांनी पाहिलं असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं. हातात दिवा घेतलेली स्त्री, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा केशरी उजेड. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी उभी होती. चित्र जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड वरून घालता येत नाही. सगळ्यात उजळ जे दिसायचं तो कागद असतो, आणि तो पहिल्या वॉशपासून राखत यावा लागतो. त्या बोटांभोवतीचा उजेड म्हणजे न रंगवलेली किंवा अगदी फिकी रंगवलेली जागा. म्हणजे काळोखाचा पहिला हात फिरवायच्या आधी दिवा ठरलेला असला पाहिजे.

संगणकावर दिवा सगळ्यात शेवटी लावतात. 'स्क्रीन' किंवा 'कलर डॉज' नावाचा थर घेतला, मऊ ब्रशने केशरी फिरवला की अंधारातही झगझगाट. दिसतो छान, पण त्याखालच्या जलरंगाच्या ब्रशवर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. कडा कितीही फुटलेल्या असोत, कण कितीही बसलेले असोत, उजेड वरून आलेला बघणाऱ्याला कळतो. कसा कळतो ते त्याला सांगता येत नाही, तो फक्त 'कम्प्युटर-कम्प्युटर वाटतंय' म्हणतो. म्हणून मी एक बंधन पाळते. सर्वांत खाली स्कॅन केलेला कोरा कागद, वरचे सगळे थर 'मल्टिप्लाय'वर, म्हणजे प्रत्येक थराने चित्र गडदच होणार. पांढरा रंग बंद. या एका बंधनाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही विकतच्या ब्रशने पडलेला मी पाहिला नाही.

हाताचा वाटा अजून कुणाला काढता आलेला नाही, असं माझं मत. संगणकावर चित्र काढायचं वॅकॉमचं चांगल्यातलं पेन दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखतं, तिरकेपणाही ओळखतं. पण त्याचं टोक प्लास्टिकचं. केसांचा ब्रश दाबला की वाकतो, उचलला की सरळ होतो, आणि किती वाकला हे बोटांना कळत असतं. काचेवर बोटांना काहीच कळत नाही. रेघ किती जाड आली ते डोळ्यांनी बघायचं, मग दाब कमी करायचा. बोटांचं कामही डोळ्यांवर येतं, आणि संध्याकाळी ते दुखतात.

एका बाबतीत मात्र नक्कल अस्सलापेक्षा नक्कीच बरी. आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांचा जीव मुंगसाच्या केसांच्या ब्रशवर. मुळाशी ताठ, टोकाला निमुळता, रंग पोटात धरून ठेवणारा. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा ब्रश विकणं आणि बाळगणं गुन्हा आहे, तरी तो चोरून विकला जातो. २०१९ मध्ये त्यासाठी देशभर धाडी घालाव्या लागल्या. मुंगूस पाळून त्याचे केस कापत नाहीत, मारून काढतात. त्या ब्रशची रेघ हुबेहूब देणारा ठसा कुणी बनवला, तर मी तो कुठलीही किंमत देऊन घेईन.

नकलेची हद्द कुठे संपते ते एडवर्ड मुंक या चित्रकाराकडे कळतं. ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात त्याचे खरे ब्रश जपून ठेवलेले आहेत. त्यांची छायाचित्रं घेऊन त्याच काइल वेबस्टरने २०१७ मध्ये त्यांचे डिजिटल अवतार बनवले. काम चोख आहे. पण हा मुंक आपली चित्रं अंगणात पावसात आणि बर्फात ठेवायचा, हवेने त्यांना काय करायचं ते करू द्यायचा. आणि त्याच्या 'द स्क्रीम'च्या १८९३ च्या चित्रावर जो पांढरा शिंतोडा आहे, तो कित्येक वर्षं पक्ष्याची विष्ठा समजला जात होता. २०१६ मध्ये अँटवर्पच्या संशोधकांनी तपासलं तर ते मेण निघालं. बहुधा मेणबत्तीचं. तो डाग मुंकने मुद्दाम पाडलेला नाही, त्याच्या कुठल्या ब्रशचाही नाही, आणि आता त्याच्याशिवाय ते चित्र डोळ्यांसमोर येत नाही. असा डाग मला ब्रशमध्ये घालता येत नाही, कारण घातला की तो मी घातलेला असतो.

एवढं सोडलं तर बाकीचं बहुतेक जमतं, आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. क्रिता हा प्रोग्राम मोफत मिळतो आणि ब्रशची सगळी यंत्रं त्यात उघडी करून ठेवलेली आहेत. खराब झालेला एखादा ब्रश घरात असतोच. तो काळ्या रंगात बुडवा, पुसा, खरबरीत कागदावर उभा टेकवा, आडवा टेकवा, आणि तो कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सहाशे डीपीआयवर स्कॅन करून आणा. फक्त त्याला ऑटो ब्राइटनेस बंद ठेवायला सांगा. नाहीतर तो तुमच्यावर उपकार म्हणून कागद पांढराशुभ्र करून देतो आणि करडे कण सगळे उडून जातात.